चाळ बांधण्याआधी

दिल्लीतला कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला ठाऊक असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. त्याच रस्त्यावर श्रीराम भारतीय कला केंद्र आहे. सुमित्रा चरतराम यांनी १९५२ मध्ये उभ्या केलेल्या या संस्थेत शंभू महाराज आणि त्यांचे पुतणे बिरजू महाराज शिकवू लागले, आणि बापाकडून मुलाकडे जाणारी कथकच्या लखनौ घराण्याची विद्या वर्गात आली. १९६४ मध्ये कथक केंद्र निघालं. (पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्येच नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली होती, हे विसरू नये.) घरातून वर्गात झालेल्या या स्थित्यंतराकडे कलेच्या अंगाने पुष्कळ पाहिलं जातं, मुलांच्या पायांच्या अंगाने क्वचितच. जुन्या तालमीतली सावकाशी हीच वाढत्या पायांची निगा होती, आणि विद्या घरातून वर्गात येताना सगळ्यात आधी तीच धोक्यात आली, असं माझं म्हणणं आहे.

तत्कार म्हणजे ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या बोलांवर अख्खा तळवा जमिनीवर आपटणं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पायाची कमान तेव्हा नुकती आकार घेत असते. टाचेच्या हाडाचं मागचं टोक तर चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत कूर्चेनेच मूळ हाडाला जोडलेलं असतं. त्या वयात धावणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांची टाच दुखते ती बहुधा इथेच. जुन्या गुरूंकडे क्ष-किरणांची चित्रं नव्हती, पण क्रम होता. आधी विलंबित, म्हणजे संथ लय, तीही घुंगरांवाचून; मग दुप्पट आणि चौपट, म्हणजे दुगुन, चौगुन. कथकचे घुंगरू जाड सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवतात आणि ती चाळ घोट्याभोवती वेढे देत बांधतात. लहान मुलाच्या एका पायात साधारण पन्नास, तयारीच्या नर्तकाच्या पायात शंभर-दीडशे. हे धातूचं ओझं तयारीबरोबरच वाढायचं.

कुणी म्हणेल, अनवाणी आपटण्यातच खोट आहे. पुरावा तसं सांगत नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांची २,३०० मुलं तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले: पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. तो अभ्यास नाचाचा नव्हे. त्यातून एवढंच घ्यायचं की उघडा पाय म्हणजे दुबळा पाय नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घराण्यातली मुलंही कोवळ्या वयातच नाचत; बिरजू महाराज तर तेराव्या वर्षी दिल्लीत संगीत भारतीमध्ये शिकवत होते. खरं आहे. पण घराण्यातलं मूल रोज बापाकाकांच्या नजरेखाली असे. टाच टेकताना ते कचरलं, तर त्याच दिवशी लक्षात येई. आठवड्यातून दोन तास, खोलीभर मुलं, काँक्रीटवर बसवलेली फरशी आणि तोंडावर आलेलं स्नेहसंमेलन, अशा वर्गात ती नजर पुरत नाही. खाली पोकळी ठेवून केलेली लाकडी जमीन धक्का थोडा जिरवते. काँक्रीट तो पायालाच परत देतं.

मुलीला वर्गात घालताना आपण फी आणि वेळ विचारतो. जमीन कशाची आहे, घुंगरू कधी बांधणार आणि किती, हेही विचारा. टाच दुखते असं ती म्हणाली, तर दुखणं थांबेपर्यंत तत्कार बंद ठेवा; तो वेळ पढंतीला, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याला, आणि हस्तकांना, म्हणजे हातांच्या हालचालींना द्या.