पार्किन्सन्स: गोळ्यांबरोबर फिजिओथेरपीही हवी

घरातले बुजुर्ग चालता चालता दारापाशी एकदम थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. "चला ना अब्बा" म्हणत आपण हात धरून ओढतो. आपला हेतू चांगला असतो, पण ओढल्याने तोल जाऊन ते पडू शकतात.

या आजाराचं सविस्तर वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केलं. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, अनेकांचा हात थरथरतो, पावलं आखूड पडतात. लिवोडोपाच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण तोल सांभाळायला तेवढं पुरत नाही. फिजिओथेरपीने आजार मुळापासून जात नाही, मात्र चालणं-फिरणं जास्त काळ टिकतं. म्हणून ती सुरुवातीपासूनच घ्यावी.

व्यायामात काय असतं?
मुद्दाम मोठी पावलं टाकणं, आकडे मोजत तालावर चालणं, खुर्चीतून उठण्याचा सराव, स्नायूंना ताण देणं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. वळताना जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घ्यायचा. चालताना बोलणं किंवा हातात सामान धरणं टाळायचं.

पाय अडकले तर?
थांबा, सरळ उभं राहू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, मग एक मोठं पाऊल. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्या ओलांडताना अनेकांचं पाऊल सुटतं.

नमाज आणि रोजा
नमाजमध्ये हालचाल होते, पण ती व्यायामाची जागा घेत नाही. सजद्यातून उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, तेव्हा सावकाश उठावं. तोल जात असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहे. त्यात कमीपणा नाही. वुजू बसून करावा, फरशी कोरडी ठेवावी. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत, गोळ्या अचानक बंद तर मुळीच करू नयेत. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, आलिमांशीही बोलून घ्यावं.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांसाठी काम करतं. पडण्याच्या भीतीने अब्बांनी मशिदीत जाणं सोडण्याआधी आपण त्यांना फिजिओथेरपिस्टकडे नेऊ या. आणि घाई करायची नाही, त्यांचं काम त्यांना करू द्यायचं.