चौकातला विराम कोणासाठी?

मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय आपण मेजर थॉमस कँडी यांना देतो. वाचकाने कोठे थांबावे, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यालाही विराम देण्याचा एक प्रयत्न झाला. तो कोणासाठी होता आणि पुढे कोणाच्या सोयीचा झाला, हे येथे पाहावयाचे आहे. चौकातील वाहतूक सुरळीत करण्याचा इतिहास हा आमच्या मते कोणाचे थांबणे हिशेबात धरायचे, या निवडीचा इतिहास आहे.

डिसेंबर 1868 मध्ये जॉन पीक नाइट या रेल्वे अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ब्रिटिश पार्लमेंटजवळ पहिला सिग्नल उभा राहिला. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हात, रात्री गॅसचे लाल व हिरवे दिवे, आणि ते चालवायला एक पोलीस शिपाई. लाल म्हणजे थांबा. हिरव्याचा अर्थ मात्र 'जा' असा नव्हता. पायी जाणाऱ्यांची काळजी घेऊन जपून पुढे जा, अशी ती सूचना होती. जानेवारी 1869 मध्ये गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही.

विजेचा सिग्नल 5 ऑगस्ट 1914 रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे सुरू झाला. 1920 मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने त्यात पिवळ्या दिव्याची भर घातली. एव्हाना रस्ता मोटारींचा होऊ लागला होता आणि हिरव्यातील 'जपून' हा शब्द गळून पडला होता.

या विरामाचे गणित मांडले ते ब्रिटनच्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी, 1958 मध्ये. दिवा बदलताना दर वेळी काही सेकंद वाया जातात. चक्र आखूड ठेवले तर हा अपव्यय वारंवार होतो. लांब ठेवले तर लाल दिव्यापाशी रांग वाढते. या दोहोंमधला सुवर्णमध्य वेबस्टर यांनी सूत्रात बसविला. एका चक्रात 10 सेकंद वाया जात असतील आणि चौकाच्या क्षमतेच्या साठ टक्के वाहने येत असतील, तर चक्र 50 सेकंदांचे निघते. हेच प्रमाण ऐंशी टक्के झाले की ते 100 सेकंदांवर जाते. म्हणजे मोटारींची गर्दी वाढते आणि पदपथावरील माणसाचे ताटकळणे दुप्पट होते.

या सूत्राने कमी करावयाचा आहे तो वाहनांचा विलंब. त्यासाठी प्रत्येक वाहन मोटारीच्या मापाने मोजले गेले. वेबस्टर यांच्या तक्त्यात बस म्हणजे सव्वादोन मोटारी, तर सायकल म्हणजे मोटारीचा पाचवा हिस्सा. बसमध्ये पन्नास माणसे आहेत की पाच, याच्याशी या मापाला कर्तव्य नाही. तिने रस्ता किती अडविला, एवढेच ते पाहते. पादचारी तर तक्त्यातच नाही. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कूट' आणि सिडनीत 'स्कॅट्स' या संगणकीय पद्धती आल्या, आणि येणारी वाहने पाहून दिव्यांच्या वेळा आपोआप बदलू लागल्या. पण त्यांचे डोळे म्हणजे रस्त्याखाली पुरलेली तारेची वेटोळी. त्यांना धातू जाणवतो, माणूस जाणवत नाही.

वेबस्टर यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. रांगेत खोळंबणारा माणूसही माणूसच आहे, आणि त्याच रांगेत एखादी रुग्णवाहिकाही असते. परंतु आमच्या महाविद्यालयासमोरच्या चौकात रोज सायंकाळी विद्यार्थ्यांचा घोळका अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर अडकलेला दिसतो, तेव्हा 'वाहतूक सुरळीत झाली' या वाक्यात 'वाहतूक' म्हणजे कोण, हा प्रश्न आम्हांला पडतो. वाहनांऐवजी माणसांचा विलंब मोजला, तर चौकाचे गणित वेगळे उत्तर देईल. 1868 च्या हिरव्या दिव्याला हे गणित येत नव्हते. पायी जाणारा मात्र त्याच्या ध्यानात होता.