प्रबंध पूर्ण, परीक्षा उत्तीर्ण, पदवी नाही: मेरी व्हिटन कॅल्किन्स

१/ डॉक्टरेटसाठी काय लागते? विषय, मार्गदर्शक, संशोधन, प्रबंध आणि परीक्षा. १८९५ साली मेरी व्हिटन कॅल्किन्स यांच्याजवळ हे सारे होते. परीक्षकांनी त्यांना एकमताने उत्तीर्ण ठरवले होते. तरीही हार्वर्ड विद्यापीठाने पदवी दिली नाही. सात वर्षांनी दुसऱ्या संस्थेने पदवी देऊ केली, तेव्हा ती त्यांनीच नाकारली. त्या नकारामागचा विचार समजून घेण्यासाठी हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/ कॅल्किन्स यांचा जन्म १८६३ सालचा, अमेरिकेतील हार्टफर्डचा. वडील धर्मोपदेशक. स्मिथ कॉलेजात अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञान शिकून १८८७ पासून त्या बॉस्टनजवळच्या वेल्स्ली या महिला महाविद्यालयात ग्रीक शिकवू लागल्या. तेथे मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचा होता. ते काम त्यांना देण्यात आले, एका अटीवर: आधी वर्षभर त्या विषयाचे रीतसर शिक्षण घ्यायचे.

३/ अट साधी दिसते, पण त्या काळी ती पाळणे सोपे नव्हते. प्रायोगिक मानसशास्त्र हेच मुळी कोवळे शास्त्र होते. विल्हेल्म वुंट यांची लाइपझिगमधील प्रयोगशाळा १८७९ सालची. अमेरिकेत हा विषय मोजक्याच ठिकाणी शिकता येई. घराजवळचे ठिकाण म्हणजे हार्वर्ड, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र शिकण्यास हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा विरोध होता.

४/ कॅल्किन्स यांच्या वडिलांनी विद्यापीठाकडे अर्ज केला. वेल्स्लीच्या अध्यक्षांनीही पत्र दिले. ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली. विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस यांच्या चर्चावर्गांना बसता येणार होते. मात्र विद्यापीठाच्या दफ्तरात एक नोंद झाली: या सवलतीमुळे कॅल्किन्स विद्यापीठाच्या नोंदणीस पात्र विद्यार्थिनी ठरत नाहीत. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ या एका नोंदीत आहे.

५/ जेम्स यांचा चर्चावर्ग सुरू झाला आणि बाकीचे विद्यार्थी एकेक करून गळाले. उरले दोघेच: एक गुरू, एक विद्यार्थिनी. जेम्स यांचा मानसशास्त्रावरील महाग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. ग्रंथालयात शेकोटीशेजारी बसून खुद्द ग्रंथकाराबरोबर त्या ग्रंथाची चर्चा करण्याचे भाग्य लाभले ते अशा विद्यार्थिनीला, जिला विद्यापीठ आपली विद्यार्थिनी मानत नव्हते.

६/ प्रयोगाचे तंत्र त्या वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात एडमंड सॅनफर्ड यांच्याकडून शिकल्या. दोघांनी स्वप्नांचा अभ्यास केला. रात्री वेगवेगळ्या वेळी गजराने जागे व्हायचे आणि पडलेले स्वप्न तत्क्षणी टिपून ठेवायचे. अशी ३७५ स्वप्ने जमली. स्वप्नांचा जागेपणीच्या आयुष्याशी निकटचा संबंध असतो, असे त्यातून दिसले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा उल्लेख पुढे फ्रॉइड यांनीही आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात केला.

७/ १८९१ मध्ये कॅल्किन्स वेल्स्लीला परतल्या आणि तेथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. अमेरिकेतील महिला महाविद्यालयात अशी प्रयोगशाळा प्रथमच होत होती. पण त्यांना स्वतःलाही अजून शिकायचे होते. १८९२ मध्ये जर्मनीहून ह्युगो म्युन्स्टरबर्ग हे तरुण प्राध्यापक हार्वर्डची प्रयोगशाळा चालवायला आले. कॅल्किन्स यांना मार्गदर्शक मिळाला. आधी नोकरी सांभाळून आणि १८९४-९५ हे संपूर्ण वर्ष रजा घेऊन त्यांनी तेथे काम केले.

८/ आता त्यांच्या प्रबंधाकडे वळू. विषय होता साहचर्य. एक गोष्ट मनात आली की तिच्यामागून दुसरी का येते? पावसाच्या पहिल्या सरीबरोबर शाळेचा पहिला दिवस का आठवतो? ॲरिस्टॉटलपासून तत्त्वज्ञ या प्रश्नाचा विचार करत आले होते, परंतु तो विचार बहुतांशी आत्मनिरीक्षणावर उभा होता. साहचर्याचे बळ मोजता येईल का, हा कॅल्किन्स यांचा प्रश्न.

९/ त्यांची युक्ती अशी. एक रंग दाखवायचा, लगेच एक अंक. मग दुसरा रंग, दुसरा अंक. अशी मालिका संपली की तेच रंग क्रम बदलून, अंकांविना दाखवायचे. रंग पाहून जो अंक आठवेल तो लिहायचा. खुबी मालिकेच्या रचनेत होती. एखादी जोडी वारंवार यायची, एखादी अगदी शेवटी, एखादी सुरुवातीला, तर एखादीतला अंक डोळ्यांत भरेल असा वेगळा असायचा. कोणती जोडी अधिक टिकते, याची तुलना मग आकड्यांत करता येई.

१०/ निष्कर्ष: ताजेपणा आणि ठसठशीतपणा यांचा परिणाम होतो, पण सर्वांत प्रभावी ठरते ती वारंवारता. पाढे घोकून घेणाऱ्या गुरुजींना याचे नवल वाटले नसते. खरे नवल पद्धतीचे आहे. ‘जोड्या लावून स्मरण तपासणे’ हे तंत्र जर्मनीत गेऑर्ग एलियास म्युलर यांनी पुढे विकसित केले आणि स्मृतिसंशोधनात ते कायमचे रुजले. आजही मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते.

११/ ऑक्टोबर १८९४. म्युन्स्टरबर्ग यांनी विद्यापीठाला विनंती केली की कॅल्किन्स यांना डॉक्टरेटच्या उमेदवार म्हणून मान्यता द्यावी. आपल्या प्रयोगशाळेत आजवर आलेल्या सर्वांमध्ये त्या सर्वांत समर्थ आहेत, अशी त्यांची ग्वाही होती. विद्यापीठाने नकार दिला. कामाच्या दर्जाविषयी कोणीच शंका घेतली नव्हती. अडचण फक्त उमेदवार स्त्री असल्याची होती.

१२/ मग एक वेगळा मार्ग निघाला. मे १८९५ मध्ये तत्त्वज्ञान विभागाने त्यांची अनौपचारिक परीक्षा घेतली, डॉक्टरेटच्या परीक्षेच्याच तोडीची. समोर जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, पामर, सांतायाना अशी मंडळी. विभागाने विद्यापीठाला कळवले: उमेदवार एकमताने उत्तीर्ण. हार्वर्डमध्ये डॉक्टरेटची इतकी तेजस्वी परीक्षा आजवर झाली नव्हती, असे जेम्स यांनी पत्रात लिहिले. पदवी मात्र मिळाली नाही.

१३/ येथे एक तुलना आवश्यक आहे. आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात टिचनर यांच्या मार्गदर्शनाखाली मार्गारेट वॉशबर्न यांनी मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली होती. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. म्हणजे ‘काळच तसा होता’ एवढे सांगून हार्वर्डचा निर्णय उलगडत नाही. त्याच काळात, त्याच देशात दुसऱ्या विद्यापीठाने वेगळा निर्णय घेतला होता.

१४/ १८९६ मध्ये प्रबंध प्रकाशित झाला. कॅल्किन्स वेल्स्लीत शिकवत राहिल्या. १९०२ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजाकडून प्रस्ताव आला. रॅडक्लिफ ही हार्वर्डच्या छायेतील महिलांची संस्था. हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचे काम पूर्ण केलेल्या चार महिलांना रॅडक्लिफची डॉक्टरेट देण्याचे ठरले होते. म्युन्स्टरबर्ग यांनी कॅल्किन्स यांना ती स्वीकारण्याचा आग्रह केला. चौघींपैकी इथेल पफर यांनी ती स्वीकारली. संशोधन करून हाती काहीच नसलेल्या तरुणीला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

१५/ कॅल्किन्स यांनी नकार कळवला. पदवी नसल्याची अडचण कधीकधी जाणवते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण त्यांनी चर्चावर्ग केले ते हार्वर्डमध्ये, प्रयोग केले ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेत, परीक्षा दिली ती हार्वर्डच्या प्राध्यापकांसमोर. जेथे आपण शिकलोच नाही त्या संस्थेची पदवी घेणे त्यांना पटणारे नव्हते. शिवाय ही पर्यायी पदवी एकदा रूढ झाली की हार्वर्डवरचा दबाव संपेल आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी मूळ दार आणखी घट्ट बंद होईल, हा धोका त्यांनी ओळखला होता.

१६/ पदवीवाचून त्यांचे काम अडले नाही. १९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९१८ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्याही. मानसशास्त्राने ‘स्व’ला केंद्रस्थानी ठेवावे, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली. १९२७ मध्ये थॉर्नडाइक, यर्क्स यांच्यासारख्या हार्वर्डशिक्षित विद्वानांनी विद्यापीठाकडे पुन्हा विनंती केली. उत्तर आले: पदवी देण्यास पुरेसे कारण दिसत नाही. १९३० मध्ये कॅल्किन्स यांचे निधन झाले.

१७/ त्यांना वाटलेला धोका खरा ठरला. रॅडक्लिफची पदवी हीच पुढे नेहमीची वाट झाली. हार्वर्डमध्ये संशोधन करणाऱ्या महिलांना थेट हार्वर्डची डॉक्टरेट मिळू लागली ती १९६३ पासून, म्हणजे कॅल्किन्स यांच्या परीक्षेनंतर ६८ वर्षांनी. १९०२ चा प्रस्ताव वरवर उदार दिसत होता. तो स्वीकारला असता तर एका स्त्रीची अडचण दूर झाली असती आणि विद्यापीठाचीही. कॅल्किन्स यांनी आपली अडचण तशीच राहू दिली आणि विद्यापीठाचीही.

(धागा समाप्त)