नाताळच्या शुभेच्छांची वाटचाल

डिसेंबर उजाडला की एक प्रश्न अलीकडे हटकून कानी पडतो : नाताळच्या शुभेच्छा देण्याघेण्याची रीत आता नित्याच्या व्यवहारात खरोखर उरली आहे काय? पूर्वी घराघरांतून दोऱ्यावर ओळीने टांगलेली भेटकार्डे दिसत, ती आता क्वचितच दृष्टीस पडतात. पोस्टमन दारी येतो, तो बहुधा बँकेचे नाही तर विमा कंपनीचे कागद घेऊन. ह्यावरून ही रीत मोडली, असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. आम्हांस तो घाईचा वाटतो. शुभेच्छा ही एक गोष्ट आणि ती वाहून नेणारे साधन ही दुसरी. साधन मोडले म्हणून शुभेच्छा संपत नाही. आणि साधन सुलभ झाले म्हणून ती वाढतेच, असेही नाही. हा भेद ध्यानी ठेवून नाताळच्या शुभेच्छांचा इतिहास पाहिला, तर प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे आपोआप हाती येते. तो पाहण्यास गोमंतकाइतकी सोयीची जागा भारतात दुसरी क्वचितच असेल.

प्रथम शब्दच घ्या. हा सण आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु मराठीतला 'नाताळ' हा शब्द इंग्रजी नव्हे; तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला असून त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. म्हणजे पुण्यामुंबईचा मराठी माणूस ह्या सणाचे नाव घेतो, तेव्हा न कळत पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज अमलाची आठवण काढीत असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांच्या कानांवर मात्र 'बडा दिन' हे हिंदुस्थानी नाव असते आणि ते इंग्रजी छावण्यांच्या आसपास रुळले. एकाच सणाची ही दोन नावे दोन वेगळ्या इतिहासांची खूण होत. एक गावात मुरला, दुसरा छावणीत राहिला.

नाताळची कथा मराठीत आली, तीही गोव्यातच. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ह्याने 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ख्रिस्तजन्माच्या रात्री मेंढपाळांना देवदूतांनी दिलेली आनंदवार्ता हीच नाताळची पहिली शुभेच्छा मानली, तर ती मराठी ओवीत छापली गेली तेव्हा इंग्लंडात नाताळचे भेटकार्ड निघावयास सव्वादोनशे वर्षांचा अवकाश होता. ओवी हा छंद ज्ञानदेवांपासून मराठी माणसाच्या कानांत बसलेला. परक्या देशाची वार्ता सांगण्यास स्टीफन्सने तोच निवडला, ह्यात त्याची श्रोत्यांविषयीची जाण दिसते.

तथापि गोव्याचा तो काळ सलोख्याचा होता, असे म्हणणे सत्याशी प्रतारणा ठरेल. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधला अल्पकाळ सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या एप्रिलात ह्या न्यायासनाने काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या घरांतून जुन्या चालीरीतींचा अंश निपटून काढण्याचा यत्न दिसतो. दारातली तुळस उपटावी, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, येथपर्यंत त्याची मजल गेली होती. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधले अंतर कायद्याने वाढवावयाचे, हा त्यामागचा हेतू उघड होता.

पण स्वयंपाकघरावर कायद्याची सत्ता कितपत चालते? भातातल्या मिठावर ज्यांनी नजर ठेवली, त्यांना नारळ, तांदूळ आणि गूळ ह्यांवर बंदी घालता आली नाही. आज गोव्यातल्या ख्रिस्ती घरी नाताळचे ताट भरते, त्यात काय असते ते पाहावे. अंड्यांचा बलक आणि नारळाचा रस घालून थरावर थर भाजलेली बेबिंका असते. पेरूची पेराद असते. तिचे फळच मुळी पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेले. पण त्यांच्या शेजारीच तांदळाचे पीठ, गूळ व नारळाचा रस आटवून केलेला दोदोल असतो, चण्याच्या डाळीचा दोस असतो आणि नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे घाटावरची करंजी. चवथीला हिंदू घरांत गणपतीपुढे जी ठेवतात, तीच नाताळला ख्रिस्ती घरातून शेजारी धाडतात. जाहीरनाम्यांनी माणसे दोन रांगांत उभी केली; नेवरी दोन्ही रांगांत राहिली.

ह्या ताटाला गोव्यात 'कोंसुआद' म्हणतात. मंगळूरकडील ख्रिस्ती समाजात नाताळच्या गोडाधोडास 'कुस्वार' हे नाव आहे. पोर्तुगालात 'कोंसुआदा' म्हणजे नाताळच्या पूर्वरात्रीचे भोजन. गोव्यात आल्यावर शब्दाचा अर्थ पालटला आणि घरात बसून जेवण्याऐवजी घराबाहेर ताट धाडणे असा झाला. हा पालट आम्हांस फार बोलका वाटतो. ताटावर हातरुमाल किंवा विणलेले झाकण घालून ते घरातल्या मुलाच्या हाती द्यावयाचे आणि त्याने शेजारच्या दारी जाऊन नाताळची खुशाली सांगावयाची. 'बोआस फेस्तास' हे पोर्तुगीज अभिवादन शिकलेल्या घरांतून चाले; कोंकणीत 'खुशालभरीत नाताळ' म्हणावयाचे. शब्द कोणतेही असोत, हातात ताट असल्यावर त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

ह्या रीतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की ज्या घरात त्या वर्षी मृत्यू घडला असेल, त्या घरी गोडधोड करीत नाहीत. अशा घरी शेजाऱ्यांनी ताट अगत्याने पोचवावयाचे. 'कोंसुआदा' ह्या शब्दाचा संबंध सांत्वनाच्या लॅटिन धातूशी जोडतात, तो येथे सार्थ वाटतो. आमच्याकडेही वर्षाच्या आत सण न करणाऱ्या घरी दिवाळीचा फराळ शेजारूनच येतो. दुसरी गोष्ट परतफेडीची. आलेले भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्या आजीपणजीचा नियम. नाताळच्या ताटाची खरी परतफेड चवथीच्या नेवऱ्यांनी किंवा दिवाळीच्या फोवांनी होते. एका सणाची शुभेच्छा दुसऱ्या सणापर्यंत ऋण म्हणून उभी राहते आणि ते ऋण फेडताना नवे निर्माण होते. शेजार टिकतो तो असाच.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचे तर इंग्रजी अमलातल्या छावण्यांकडे वळावे लागेल. बेळगाव, महू, सिकंदराबाद ह्या छावण्यांच्या गावी नाताळला साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' जात असे. डाली म्हणजे फळे, फुले, सुका मेवा, मिठाई ह्यांनी सजवलेली परडी. बागवान रोज धन्यापुढे भाजीफुलांची टोपली ठेवी, तिलाही हेच नाव होते. कंत्राटदार, दुकानदार, हाताखालचे कारकून असे सारे ती पाठवीत. नजराणे घेण्यास सरकारी नोकरांना मनाई असे. फळाफुलांपुरती मात्र सूट होती. त्यामुळे टोपलीतल्या फळांखाली काय दडले आहे, हा विनोदाचा आणि कधी चौकशीचाही विषय होई. जिन्नस पाहिले तर डाली आणि कोंसुआद ह्यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते दिशेचे. डाली खालून वर जाई आणि परतीची वाट तिला नव्हती. साहेब दिवाळीला कारकुनाच्या घरी ताट धाडीत नसे. म्हणूनच १९४७ साली साहेब गेला, तशी ती डालीही गेली, आणि तिच्यासाठी कोणी हळहळले नाही. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरच्या १९ तारखेस, नाताळ अवघ्या सहा दिवसांवर आला असताना संपली. कोंसुआद मात्र संपली नाही, कारण ती सत्तेच्या आधाराने चाललेली नव्हतीच.

आता भेटकार्डाकडे येऊ, कारण रीत मोडल्याची ओरड होते ती मुख्यतः त्याच्यावरून. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर पत्र धाडण्याची सोय झाली. त्या सुधारणेत रोलंड हिलला साहाय्य करणारा हेन्री कोल ह्यानेच १८४३ साली पहिले नाताळकार्ड काढविले. चित्र जॉन कॉलकॉट हॉर्सली ह्याचे. मध्यभागी मेजवानीस बसलेले कुटुंब, एका अंगास भुकेल्यांस अन्न आणि दुसऱ्या अंगास उघड्यांस वस्त्र. सुमारे हजार प्रती निघाल्या, किंमत एक शिलिंग. चित्रातल्या लहान मुलाच्या ओठी मद्याचा पेला आहे, म्हणून मद्यनिषेधवाद्यांनी टीकाही केली. पण कार्ड निघाले कशासाठी? कोलला इतकी पत्रे येत की प्रत्येकास हाताने उत्तर लिहिणे अशक्य झाले. म्हणून मजकूर छापून घ्यावयाचा आणि नावापुरती जागा मोकळी सोडावयाची, ही युक्ती. आज एकच तयार संदेश शंभर जणांस पाठविणाऱ्यांवर आपण रुष्ट होतो. परंतु पहिले नाताळकार्ड तरी दुसरे काय होते? कार्डाचा जन्मच श्रम वाचविण्यासाठी झाला.

एका शिलिंगाचे कार्ड सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १८७० साली टपालहशील अर्ध्या पेनीवर आले, छपाई स्वस्त झाली, तेव्हा कार्डे घरोघर पोचली. आपल्याकडेही १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट आणि १८७९ साली पैशाचे पोस्टकार्ड निघाले व पत्रव्यवहार सामान्यांच्या हाती आला. कार्डाचे खरे मोल दुरावलेल्या माणसांना होते. गोव्याचा तारवटी वर्षानुवर्षे बोटीवर असे. त्याच्यासाठी कोंसुआदेचे ताट समुद्र ओलांडू शकत नव्हते, कार्ड ओलांडीत होते. घाई असेल तर तार होती. तारखात्याने सणांच्या शुभेच्छांना क्रमांकच देऊन ठेवले होते. आकडा सांगितला की पलीकडे छापील वाक्य उमटे. २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हा ते आकडेही गेले.

टपालाची अवस्था इतरत्रही तीच आहे. डेन्मार्कमध्ये १९०४ साली आयनार होल्बॉल नावाच्या एका टपाल कर्मचाऱ्याने नाताळच्या पत्रांवर डकविण्याचे एक जादा तिकीट काढले आणि त्याच्या विक्रीतून क्षयग्रस्त मुलांसाठी पैसा उभा केला. त्याच देशाच्या टपालसंस्थेने २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटण्याचे काम थांबविले. इंग्लंडात पहिल्या वर्गाच्या पत्राचे तिकीट २०२५ च्या एप्रिलात १.७० पौंड झाले. १८४३ साली कार्ड महाग आणि टपाल स्वस्त होते. आज गणित उलटले आहे.

मग शुभेच्छा गेली कोठे? ती दूरध्वनीवर गेली. किंबहुना भ्रमणध्वनीवरून जाणाऱ्या लिखित संदेशांचा प्रारंभच नाताळच्या शुभेच्छेने झाला. १९९२ च्या डिसेंबरच्या ३ तारखेस नील पॅपवर्थ ह्या इंग्रज अभियंत्याने संगणकावरून रिचर्ड जार्विस ह्यांच्या दूरध्वनीवर पहिला संदेश धाडला, तो 'मेरी ख्रिसमस' एवढाच. गंमत अशी की जार्विस ह्यांना त्याचे उत्तर देता आले नाही. त्यांच्या यंत्रात लिहून धाडण्याची सोयच नव्हती. आज ती सोय प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी आलेल्या संदेशांपैकी किती मनःपूर्वक उत्तरास पात्र ठरतात, हा ज्याचा त्याने विचारावयाचा प्रश्न होय.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : नाताळच्या शुभेच्छा आजही दिल्या घेतल्या जातात, कचेरीत तोंडी, यंत्रावर लेखी, आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांतून अद्याप ताटातूनही. कार्डाचा ऱ्हास ही एका साधनाची अखेर आहे, रीतीची नव्हे. काळजी करावयाची तर ती ताटाची करावी. गोडधोड आता बाजारातून येते, ह्यात फारसे बिघडले नाही. नेवरी विकतची असली तरी चालत जाऊन दिलेली असते. पण तरुण माणसे परदेशी जातात, जुन्या घरांना कुलपे लागतात, आणि सदनिकांच्या बंद दारांमागे शेजारी कोण हेच ठाऊक नसते. त्यात अलीकडे दुसऱ्याच्या सणाची शुभेच्छा द्यावी की न द्यावी, असा विचारही काहींच्या मनात येऊ लागला आहे. अशांनी गोव्याचा इतिहास डोळ्यांपुढे आणावा. जेथे शेजाऱ्यांत भिंत उभारण्यास अडीचशे वर्षे एक न्यायासन झटले, तेथेही नेवऱ्यांचे ताट ह्या घरातून त्या घरात जात राहिले आहे.

ती वाट मोडावयाची असेल तर ती फर्मानाने मोडणार नाही, आळसाने मोडेल. म्हणून ज्यांच्या घरी यंदा नाताळचे ताट येईल, त्यांनी ते भांडे जपून ठेवावे आणि चवथीची वाट पाहावी. ज्यांच्या घरी येणार नाही, त्यांनी पुढच्या दिवाळीस आपणच पहिले ताट धाडावे.