तहानेच्या प्रदेशांतील कुंपण

आपल्या भाषेंत कुंपणाविषयीं दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, ही एक. आणि सरड्याची धांव कुंपणापर्यंत, ही दुसरी. दोन्ही म्हणी शेतीभातीच्या, स्थिर वस्तीच्या मुलखांत जन्मल्या. जेथें पाऊस बहुधा ठराविक नक्षत्रांत येतो आणि गांवच्या साऱ्या शिवारावर पडतो, तेथें आपला तुकडा आंखून घेऊन त्याभोंवतीं कांटेरी फांद्या रोवणें हें शहाणपणच होय. परंतु ज्या भूमींत पाऊस कोठें पडेल याचाच नेम नाहीं, तेथें कुंपणाचा परिणाम काय होतो? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें शोधण्याची आवश्यकता नाहीं. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील कालाहारी प्रदेशाच्या इतिहासांत तें स्पष्टपणें वाचावयास मिळतें.

कालाहारीचा मोठा भाग बोत्स्वाना या देशांत मोडतो. कालाहारी या नांवाचा संबंध तेथील त्स्वाना भाषेंतील तहान या अर्थाच्या शब्दाशीं लावतात. आणि पावसाचें मोल तेथें एवढें कीं, १९७६ सालीं या राष्ट्रानें स्वतःचें चलन काढलें तेव्हां त्याला ‘पुला’, म्हणजे पाऊस, असेंच नांव दिलें. हा प्रदेश वाळूचा खरा, पण उजाड नव्हे. गवत आणि कांटेरी झुडपें तेथें विपुल आहेत; मात्र मध्यभागीं बारमाही पाणी नाहीं. एक सर येथें पडते, तर दुसरी पन्नास कोसांवर. जेथें सर पडली तेथें गवत, आणि जेथें गवत तेथें कळप. कांहीं जातींचीं हरणें रानटी कलिंगडांवर व कंदमुळांवर तहान भागवितात. पण नू अथवा वाइल्डबीस्ट या नांवाचा, बैलासारख्या तोंडाचा नि घोड्यासारख्या शेपटीचा जो प्राणी तेथें मोठ्या संख्येनें असे, त्याला दुष्काळांत पाणवठ्याचा आश्रय घ्यावाच लागतो. म्हणून सुकाळांत दूरवर पसरलेले हे कळप अवर्षण पडतांच उत्तरेकडे व ईशान्येकडे, ओकाव्हँगो, बोटेटी नदी व झाऊ सरोवर यांच्या दिशेनें चालूं लागत. तेथील सान लोकांच्या ग्वी, गाना इत्यादि जमातीहि याच न्यायानें आपले मुक्काम हलवीत. अशा देशांत खरी मालमत्ता जमिनीचा तुकडा ही नसून, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्याची मोकळीक ही होय.

या मोकळिकेला धक्का दिला तो रोगाच्या भीतीनें, आणि ती भीति खोटी नव्हती. बुळकांडी हा गुरांचा भयंकर रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईशान्य आफ्रिकेंतून खालीं उतरत १८९६ सालीं या भागांत येऊन पोहोंचला, आणि गुरांचे वाडेच्या वाडे ओस पडले. याच रोगाच्या निमित्तानें आपल्याकडे १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, जी पुढें मुक्तेश्वरास हलविण्यांत आली; आणि रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ किंबर्ली येथें बुळकांडीवर प्रयोग करून तेथूनच १८९७ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं मुंबईस आला, हेंहि येथें स्मरणीय आहे. शेजारच्या जर्मन मुलखांत, म्हणजे आजच्या नामिबियांत, रोग थोपविण्यासाठीं चौक्यांची रांग उभारण्यांत आली. बुळकांडीचें जगांतून उच्चाटन झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. परंतु एक रेषा ओढून देशाचे रोगी व निरोगी असे दोन भाग पाडतां येतात, ही कल्पना मात्र मागें राहिली.

ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील तत्कालीन बेचुआनालँडांत १९५४ सालीं लोबात्से येथें मोठा कत्तलखाना निघाला, आणि गोमांसाची निर्यात हा त्या दरिद्री मुलखाचा मोठा आधार झाला. घेणाऱ्या देशांची मुख्य अट ही कीं, माल लाळ-खुरकूत रोगापासून मुक्त असावा. या रोगाचे विषाणु आफ्रिकेंतील रानम्हशींच्या शरीरांत दीर्घकाळ टिकून राहतात. म्हणून भागाभागांमध्यें तारेचीं कुंपणें घालण्यांत आलीं. त्यांपैकीं १९५८ सालचें कुके कुंपण पूर्व-पश्चिम सुमारें ३०० किलोमीटर लांब होतें. १९६६ सालीं देश स्वतंत्र झाला, तरी धोरण तेंच राहिलें. आणि १९७५ च्या लोमे करारानें युरोपच्या बाजारांत जकातीची सवलत मिळाल्यावर तर या कुंपणांना राष्ट्रीय संपत्तीच्या तटबंदीचें महत्त्व आलें.

१९६१ सालीं कुके कुंपणाच्या दक्षिणेस मध्य कालाहारीचें राखीव अरण्य स्थापन झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोंकणपट्टीच्या दीडपटीहून अधिक. सान लोकांचा अभ्यास करणारे सरकारी अधिकारी जॉर्ज सिल्बरबॉर यांच्या शिफारशीचा त्यांत मोठा वांटा होता. पशूंबरोबर माणसांनाहि तेथें आपल्या रीतीनें जगतां यावें, हा त्यांचा हेतु. परंतु या विशाल वाड्याचा उत्तरेकडील दरवाजा तीन वर्षें आधींच बंद झालेला होता. सुकाळांत त्याची उणीव फारशी भासली नाहीं. कुंपणाची खरी किंमत तें घालतांना द्यावी लागत नाहीं. दुष्काळ येऊन ती वसूल करतो. १९६० नंतरच्या दशकांतील अवर्षणांत उत्तरेकडे निघालेले नूंचे कळप तारेशीं अडले, तिच्या कडेकडेनें पूर्वेस वळले, आणि वाटेंत व पाणवठ्याजवळ हजारोंनीं मेले. १९८३ सालीं झाऊ सरोवर कोरडें पडलें, तेव्हां तेथें मेलेल्या नूंची संख्या ५०,००० हून अधिक असावी असा अंदाज आहे. कालाहारींत सात वर्षें राहिलेले मार्क व डेलिया ओवेन्स या दांपत्यानें १९८४ च्या आपल्या पुस्तकांतून हा संहार जगापुढें मांडला.

दोष केवळ कुंपणाचा नव्हता, असें म्हणणारे अभ्यासकहि आहेत. बोटेटीचें पाणी ओरापा येथील हिऱ्यांच्या खाणीकडे वळविलें गेलें होतें, आणि सरोवराभोंवतीं गुरांची गर्दी होऊन गवत संपलें होतें. हें सारें खरें आहे. पण संकट जितक्या बाजूंनीं येईल, तितकी पळण्याची वाट अधिक मोलाची; आणि कुंपणानें हिरावून घेतली ती नेमकी हीच गोष्ट. उलट, कुंपणाची एक बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. त्याच तारांनीं गुरांचे कळप रानांत शिरूं दिले नाहींत, आणि ओकाव्हँगोच्या कांठचें गवत कांहीं अंशीं वन्य पशूंसाठीं शिल्लक राहिलें तें एका अशाच कुंपणामुळें. तेव्हां सारींच कुंपणें उपटून टाका, असें म्हणणें सोपें असलें तरी शहाणपणाचें नव्हे.

माणसांच्या वांट्याला काय आलें? कळप विरळ झाल्यावर शिकारीवर जगणाऱ्यांचें जीवन अधिकच खडतर झालें. इतरत्र १९७५ च्या नव्या चराऊ जमिनींच्या धोरणानें सामाईक रानांत कुंपणबंद मळे निघूं लागले. मोठे कळप बाळगणाऱ्यांना जागा मिळाली, आणि ज्यांच्यापाशीं ना गुरें ना कागदपत्र, ते सान आपल्याच भूमींत उपरे ठरले. पुढें १९९७ व २००२ सालीं राखीव अरण्यांतील सान रहिवाशांना बाहेरच्या वसाहतींत हलविण्यांत आलें. त्यांनीं न्यायालयांत धांव घेतली. त्यांना जमिनीवरून काढणें बेकायदेशीर होतें, असा निर्णय उच्च न्यायालयानें १३ डिसेंबर २००६ रोजीं दिला. आणि आपली कूपनलिका पुन्हां वापरण्याचा हक्क मिळविण्यासाठीं त्यांना २०११ पर्यंत भांडावें लागलें. पाणी शोधीत हिंडण्याची ज्यांची परंपरा, त्यांना पाण्याचा हक्क वकिलाकरवीं मागावा लागला, यांत त्या युगाचा सारा इतिहास आला.

शेवटीं एक आशादायक घटना. ओकाव्हँगो आणि मकगडीकगडीचीं क्षारमय मैदानें यांच्यामध्यें १९६८ सालीं दुसरें एक कुंपण घालण्यांत आलें होतें. तें २००४ सालीं काढण्यांत आलें. छत्तीस वर्षें म्हणजे झेब्र्याच्या आयुष्याहून कितीतरी अधिक. जुनी वाट चाललेलें एकहि जनावर तोंवर जिवंत असणें संभवत नव्हतें. तरीहि २००७ पर्यंत झेब्रे पुन्हां तीच वाट चालूं लागले होते. गळ्यांत बांधलेल्या यंत्रांवरून संशोधकांनीं त्यांच्या जाण्या-येण्याचें अंतर मोजलें, तें भरलें ५८८ किलोमीटर. सरड्याची धांव कुंपणापर्यंत ही म्हण सरड्यापुरती खरी असेल. या पशूंची धांव थांबली होती ती त्यांचें बळ अपुरें होतें म्हणून नव्हे. रेषा ओढणाऱ्यांनीं दुष्काळाच्या वर्षीं उघडतां येईल असें एखादें फाटक ठेवण्याचा विचार वेळींच केला असता, तर किती जीव वांचले असते, हा प्रश्न कालाहारीपुरताच आहे असें समजण्याचें कारण नाहीं.