रुग्णसेवा आणि संप : नगर जिल्ह्याच्या आरोग्येतिहासातील एक प्रश्न

डॉक्टरांनी संप करणे नीतीला धरून आहे का, या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून होते. तेथे एका रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद पडला, तरी महापालिकेचे, एखाद्या धर्मादाय संस्थेचे किंवा ऐपत असल्यास खासगी असे दुसरे दार रुग्णाला ठोठावता येते. अहमदनगर जिल्ह्याची, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरची, गोष्ट निराळी आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. अकोले तालुक्यातील डोंगराळ आदिवासी पाड्यांपासून जामखेड-कर्जतच्या दुष्काळी माळापर्यंत पसरलेल्या १४ तालुक्यांतील गरिबाला सरकारी वैद्यकाची वाट एकाच मार्गाने सापडते. आधी उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, त्यानंतर नगर शहरातले जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळा जिल्हा ‘सिव्हिल’ म्हणतो, आणि तेथेही निभावले नाही तर पुण्याचे ससून किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. या साखळीतली एक कडी निखळली की पुढचे अंतर शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाते, आणि म्हणूनच संपाच्या नीतीचा प्रश्न येथे अधिक कठोरपणे उभा राहतो.

या जिल्ह्यात आधुनिक वैद्यक आले ते केवळ सरकारी वाटेने नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला आपले ठाणे वसवले होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ज्युलिया बिसेल व रूथ ह्यूम या मिशनच्या डॉक्टर स्त्रियांनी तेथे स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय चालवले. पुढे साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल शहरात रुजले. २०२० च्या करोनाकाळात शहरातील रुग्णांना याच रुग्णालयाचा मोठा आधार मिळाला. मिशनच्या या परंपरेत वैद्यकी हे एक व्रत होते. डॉक्टर रुग्णालयाच्या आवारात राहत, पगार तुटपुंजा असे, आणि मालक व नोकर असा करार त्या नात्याच्या केंद्रस्थानी नव्हता, म्हणून संपाची कल्पनाही त्या चौकटीत बसत नव्हती. आजही संपावरील डॉक्टरांना ‘सेवाभाव कुठे गेला’ असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात, नकळत का होईना, हीच जुनी प्रतिमा असते. ती प्रतिमा खोटी नव्हती. परंतु व्रत घेणारा माणूस ते स्वतःच्या इच्छेने घेतो, आणि दुसऱ्याच्या व्रताच्या भरवशावर सरकारने जागा रिकाम्या ठेवाव्यात, असा अर्थ त्यातून निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर व्रताची जागा हळूहळू नोकरीने घेतली. भोर समितीने १९४६ मध्ये सुचवलेली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना १९५२ पासून प्रत्यक्षात येऊ लागली आणि पुढे सपाट प्रदेशात ३० हजार, तर डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असे प्रमाण ठरले. अशा केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम सकाळी केसपेपर काढून रांगेत बसलेल्या रुग्णांपुरते नसते. रात्रीचे बाळंतपण, ज्यावरची लस खासगी दवाखान्यात सहसा मिळत नाही अशा सर्पदंशाचा रुग्ण, अपघाताचा पोलिसी कागद, लसीकरणाचा आढावा, तालुक्याच्या बैठका आणि शवविच्छेदन, हे सगळे त्याच्याच गळ्यात पडते. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांभोवती कोप्या घालून राहणारी हजारो कुटुंबे या भारात आपली भर घालतात, कारण त्यांच्याजवळ ना गावातली ओळख असते ना खासगी डॉक्टरला द्यायला पैसा. दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागा असलेल्या केंद्रावर एकच अधिकारी असला की त्याची ड्यूटी संपण्याची वेळच उरत नाही.

वैद्यकावरचे हे एकहाती अवलंबित्व कमी करता येते, हे याच जिल्ह्यात सिद्ध झाले होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि खेड्यातल्या स्त्रियांना, ज्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित होत्या, बाळंतपण, अतिसार, कुपोषण आणि क्षय यांची ओळख व प्राथमिक उपाय शिकवून ग्राम आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संपाच्या नीतीच्या चर्चेत जामखेडचे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. डॉक्टरने काम थांबवले तर किती जीव धोक्यात येतात, हे त्याच्या सद्सद्विवेकाइतकेच समाजाने वैद्यकीय ज्ञान किती मोजक्या हातांत कोंडून ठेवले आहे यावरही अवलंबून असते. जेथे गावातली बाई जलसंजीवनी देऊ शकते आणि धोक्याची गरोदर स्त्री वेळेत ओळखू शकते, तेथे केंद्राचे दार दोन दिवस बंद राहणे ही गैरसोय असते, पण प्रत्येक वेळी ती जीवघेणी नसते.

राज्यपातळीवरचा संप जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला तो जुलै २०१४ मध्ये. ‘मॅग्मो’, म्हणजे राज्याच्या सेवेतील राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना, हिने पुकारलेल्या या संपात सुमारे १२ हजार डॉक्टर सामील असल्याचे सांगितले गेले. वेतनातील तफावत दूर करणे, निवृत्तीचे वय वाढवणे आणि अस्थायी आयुर्वेद पदवीधर अधिकाऱ्यांना सेवेत कायम करणे या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. दिवस पावसाळ्याचे आणि वारीचे होते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते, आणि वाटेवरच्या सरकारी दवाखान्यांवर वारकऱ्यांची भिस्त असते. पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने मेस्मा लावला. अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालून ती मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद करणारा हा राज्याचा कायदा आहे. आठवडाभरात संप मिटला. या संपाची सर्वांत दुबळी बाजू कोणती, याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. मागण्या बहुतांशी सेवाशर्तींच्या होत्या, झळ मात्र ज्याला दुसरे दार नव्हते त्याच्यापर्यंत गेली, आणि शवविच्छेदनासाठी ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी त्या मागण्यांचा संबंध कोणी नीट जोडून दाखवला नाही. अस्थायी डॉक्टर वर्षानुवर्षे टांगणीला राहिला तर केंद्र ओस पडते आणि ते नुकसान रुग्णाचेच असते, हा युक्तिवाद हाताशी असूनही लोकांपर्यंत तो पुरेसा पोहोचला नाही.

तीन वर्षांनी प्रश्नाचे रूप पालटले. १२ मार्च २०१७ रोजी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. निवासी डॉक्टर म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच रुग्णालयाचा दिवसरात्रीचा भार वाहणारा डॉक्टर. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली असली, तरी ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. त्या आठवड्यात हल्ल्यांच्या आणखी घटना घडल्या आणि २० मार्चपासून राज्यातील सुमारे ४ हजार निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. नगरमध्ये तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नसले, तरी ‘ससूनला हलवा’ असे सिव्हिलमधून ज्यांना सांगितले जाते त्यांच्यासाठी ससूनमधली रजा ही नगरचीच रजा असते. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना कडक शब्दांत कामावर परतायला सांगितले आणि सरकारकडून सुरक्षारक्षकांचे वेळापत्रक घेतले. टप्प्याटप्प्याने ११०० रक्षक नेमण्याचे आश्वासन मिळाले आणि आठवडा संपता संपता काम पूर्ववत झाले.

त्याच वर्षी १ जूनला राहाता तालुक्यातील पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यायचा नाही, हे ग्रामसभेच्या ठरावातून निघालेले हत्यार होते, आणि रस्त्यांवर दूध ओतले जात असतानाही मराठी समाजाच्या मोठ्या भागाची सहानुभूती संपकऱ्यांकडे होती. महिना संपण्यापूर्वी राज्य सरकारने ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. मार्चमध्ये डॉक्टरांना मुजोर ठरवणारा समाज जूनमध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, यात विसंगती आहे असे काहींना वाटेल, पण तिच्या मुळाशी एक खरा भेद आहे. शेतकऱ्याने अडवलेले दूध दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते, अडलेल्या बाळंतिणीचा तास पुन्हा येत नाही. शिवाय शेतकऱ्याने स्वतःच्या मालाचे नुकसान सोसून संप केला होता, तर डॉक्टरच्या संपातले नुकसान मुख्यतः तिसऱ्याचे असते. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: निवेदने, मोर्चे, काळ्या फिती हे सगळे करून झाल्यावरही सरकारने दखल घेतली ती पुरवठा थांबल्यावरच. ज्या शासनाला फक्त संपाचीच भाषा ऐकू येते, त्याने संपकऱ्याला नीतीचे पाठ द्यावेत, हे पटण्यासारखे नाही.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर एका बाजूने दिलेले आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला तातडीची मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य ठरवले आणि त्याचा पाया जगण्याच्या मूलभूत हक्कात पाहिला. २००३ च्या टी. के. रंगराजन खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही, असे म्हटले. पहिला निर्णय निर्विवाद मानावा लागेल, आणि तातडीच्या रुग्णाला वाऱ्यावर सोडणारा कोणताही संप त्या कसोटीवर टिकत नाही. दुसरा निर्णय मात्र नैतिक हक्काबाबत जे सांगतो, ते न्यायालयाच्या अखत्यारीत येते का, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कायदा शिक्षा ठरवू शकतो, पण एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याने धोकादायक वॉर्डात गप्प राहून काम करत राहणे नीतीचे आहे की अनीतीचे, याचा निकाल त्या कलमांतून निघत नाही.

हा प्रश्न किती खरा आहे, हे ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या सिव्हिलमध्ये दिसले. करोनासाठी नव्याने बांधलेल्या अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली आणि ११ रुग्णांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके आगीत दगावल्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे, म्हणजे ‘फायर ऑडिट’चे, आदेश निघाले होते. नगरमध्येही तपासणी झाली होती, पण तिच्यातून सुचलेली कामे पुरी झालेली नव्हती. आगीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, तर एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध करताना विचारले, की भिंतीतली वायरिंग आणि न बसवलेली अग्निरोधक यंत्रणा यांची जबाबदारी वॉर्डात ड्यूटीवर असलेल्यांवर कशी टाकता येते? व्यक्तींच्या दोषाचा निवाडा न्यायालयाचा आहे. पण या प्रश्नातून संपाच्या नीतीचा एक महत्त्वाचा दुवा हाती लागतो. त्या विभागातील डॉक्टर-परिचारिकांनी आगीच्या महिनाभर आधी, यंत्रणा बसवल्याशिवाय नवे रुग्ण घेणार नाही, अशी भूमिका घेतली असती, तर तिला कामचुकारपणा म्हटले गेले असते आणि मेस्माची आठवणही कोणी करून दिली असती. तरीही ती भूमिका रुग्णहिताचीच ठरली असती. कामाच्या जागेची सुरक्षितता ही डॉक्टरची आणि रुग्णाची एकच असते, म्हणून ‘कामाच्या परिस्थितीसाठी संप’ आणि ‘रुग्णासाठी संप’ असे दोन कप्पे पाडणे येथे शक्यच नाही. पगाराच्या मागणीला रुग्णहिताचा आधार शोधावा लागतो. वायरिंगच्या, झोपेच्या तासांच्या आणि भरलेल्या जागांच्या मागणीत तो आधीच असतो. त्याच वर्षी जुलैमध्ये जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रातल्या डॉक्टरने कामाचा ताण, दबाव आणि थकलेला पगार यांची तक्रार लिहून ठेवून जीवन संपवले होते, आणि तक्रार ऐकणारी व्यवस्था नसली की काय होते, हे दाखवायला दुसऱ्या पुराव्याची गरज पडू नये.

करोनाच्याच काळात आणखी एक संप झाला, जो डॉक्टरांच्या संपाच्या चर्चेत मोजला जात नाही. जामखेडच्या ग्राम आरोग्यसेविकेशी जवळचे नाते सांगणारी ‘आशा’ २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर आली, मात्र तिला कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले गेले आणि वेतनाऐवजी मोबदला दिला गेला. १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी काम थांबवले. घरोघर तपासणी, प्राणवायूची नोंद, लसीकरणाची बोलावणी ही त्यांची कामे होती, आणि ती थांबल्यावर गावातली साथ कोणालाच दिसेनाशी झाली असती. जिला सरकार नोकर मानत नाही तिच्याकडून अत्यावश्यक सेवेची अपेक्षा मात्र धरली जात होती. २३ जूनला संप मिटला तेव्हा त्यांच्या पदरात महिन्याला १ हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा करोना भत्ता पडला.