दुसऱ्या पेटीतलं मत

आमच्या आजीने बैलजोडीकडे पाठ फिरवली ती एकदाच, १९५७ साली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर निशाणी चिकटवलेली, आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बैलजोडी काँग्रेसची. पारनेर तालुक्यातल्या आमच्या जिरायती गावात पोळ्याला बैलाच्या पाया पडल्याशिवाय कुणी घास घेत नसे. "पेटीला हात जोडलं, आन् कागूद शेजारच्या पेटीत सारला," आजी सांगायची.

कारण मुंबईत होतं. पारनेरची कितीतरी घरं गिरणगावच्या मनिऑर्डरीवर चालायची. धाकटे आजोबा लालबागला गिरणीत होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारीत मुंबई पुन्हा पेटली. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या या लढ्यात शंभरावर माणसं गेली. त्या जानेवारीत धाकट्या आजोबांचं पत्र येईना. पणजी रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसायची. ते सुखरूप परतले, पण त्यांनी चाळीतल्या ज्या पोराला खांदा दिला होता, त्याची गोष्ट गावभर झाली. कुठल्याही सभेपेक्षा जास्त मतं त्या गोष्टीने फिरवली, असं मला वाटतं.

थोरल्या आजोबांचा राग वेगळा होता. "नेहरू आपल्या किल्ल्यात राहिले, अन् आपल्यालाच वळखंनात?" हा त्यांचा सवाल. १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, पट्टाभी सीतारामय्या, गोविंद वल्लभ पंत आणि शंकरराव देव एकत्र कैदेत होते. पुढे यातल्याच पहिल्या तिघांच्या समितीने १९४९ साली भाषावार प्रांतरचना लांबणीवर टाकायचा सल्ला दिला. राज्य पुनर्रचनेच्या वेळी पंत गृहमंत्री होते. आणि शंकरराव देव होते संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष! एका तटबंदीआड दिवस काढलेली ही माणसं मराठी मुलखाच्या प्रश्नावर समोरासमोर आली. नगरच्या माणसाला हे जास्त लागलं, आणि लागावं असंच ते होतं.

देशातून फुटून निघायचं इथं कुणाच्या मनात नव्हतं. हवं होतं ते मुंबईसह आपलं राज्य. पारनेरचे सेनापती बापट पंचाहत्तरीतही या लढ्यात उतरले होते, आणि त्यांच्या देशभक्तीवर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवात आले. १९५७ ला नगरमधून लोकसभेवर समितीचे र. के. खाडिलकर गेले, कोपरगावातून फेडरेशनचे बी. सी. कांबळे. गावकुसाबाहेरच्या पक्षाला गावातल्या पाटलांच्या वाड्यातून मत जाणं ही त्या निवडणुकीची मला सर्वांत मोलाची वाटणारी कमाई. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडला काठावर तरले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचं काँग्रेस सरकार टिकलं, पण दिल्लीला जे समजायचं ते समजलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

१९६२ ला आजी पुन्हा बैलजोडीकडे. खाडिलकरही त्या वर्षी काँग्रेसतर्फे खेडमधून निवडून आले. विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. याला मी लोकांचा चंचलपणा म्हणणार नाही. राज्यासाठी दिलेलं मत राज्य मिळाल्यावर मोकळं झालं, इतकंच. इथं मागणी पुरी झाल्यावर मत फिरलं; तिकडे मद्रासेत द्रमुक पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणीच १९६३ ला सोडली आणि मग १९६७ ला सत्ता घेतली.

थोरले आजोबा मात्र मोकळे झाले नाहीत. "बेळगाव ऱ्हायलं की," म्हणायचे. कर्नाटकात राहिलेल्या बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती महाराष्ट्रात येण्याच्या मागणीवर अजून निवडणुका लढवते. आमदार कधी आले, कधी एकही आला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.